वर्गातून दवाखान्यापर्यंत : शालेय आरोग्याच्या वाटचालीचा मागोवा

१४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचण्यात आली. हिंदुस्थानात देवीची लस यशस्वीपणे टोचून घेणारी ती पहिली व्यक्ती होय. बगदाद आणि बसऱ्याच्या मार्गाने मुंबईस पोहोचलेली ती लस पुढे तिच्याच दंडावरील फोडातून इतर मुलांना देण्यात आली आणि हळूहळू देशाच्या अन्य भागांत गेली. आधुनिक रोगप्रतिबंधाचा आपल्या देशातील पहिला अध्याय अशा रीतीने एका बालिकेच्या दंडावर लिहिला गेला. शाळेच्या आरंभीच्या तुकड्यांतील माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकांच्या दंडावर त्या लसीचा गोल वण आजही दिसतो. त्यांच्या नातवंडांच्या दंडावर तो नाही, कारण १९७५ च्या मे महिन्यानंतर भारतात देवीचा रुग्ण आढळला नाही आणि १९७७ मध्ये देश देवीमुक्त म्हणून घोषित झाला.

या दोन घटनांच्या मधली पावणेदोनशे वर्षे केवळ औषधांच्या शोधांची नाहीत. औषध आहे, परंतु ते मुलापर्यंत पोहोचत नाही, ही अडचण त्या संपूर्ण काळात पुनःपुन्हा उभी राहिली. एकोणिसाव्या शतकात गावोगाव फिरणाऱ्या ‘देवी डॉक्टर’ला मुले शोधावी लागत. आया त्यांना घरात लपवून ठेवीत. मुले एका ठिकाणी, ठरलेल्या वेळी, विश्वासाच्या माणसाच्या देखरेखीखाली एकत्र येतात अशी जागा गावात नव्हती. ती जागा म्हणजे शाळा. शाळा रुजल्याशिवाय मुलांच्या आरोग्याचा प्रश्न सामुदायिक पातळीवर हाती घेता येणार नव्हता आणि आरोग्याचा प्रश्न सुटल्याशिवाय शाळेत नाव घातलेले मूल शाळेत टिकणार नव्हते.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर शिक्षक आणि दवाखाना यांची गाठ सर्वप्रथम एका अत्यंत करुण प्रसंगी पडलेली दिसते. १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात मुलींना शिकवू लागलेल्या सावित्रीबाई फुले १८९७ च्या प्लेगच्या साथीत आपले डॉक्टर पुत्र यशवंत यांच्या हडपसरजवळील दवाखान्यात रुग्णसेवा करीत होत्या. मुंढव्यातील पांडुरंग बाबाजी गायकवाड यांच्या मुलाला प्लेग झाल्याचे कळताच त्यांनी त्या मुलाला पाठीवर घेऊन दवाखाना गाठला. त्यातच त्यांना प्लेगचा संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे देहावसान झाले. या प्रसंगाकडे त्यागाची कथा म्हणून पाहिले जाते, ते योग्यच आहे. परंतु त्यात एक व्यावहारिक सत्यही दडलेले आहे. आजारी मूल आणि दवाखाना यांच्यामध्ये काही कोसांचे अंतर होते आणि ते अंतर कापण्यासाठी शिक्षिकेची पाठ सोडून दुसरी कोणतीही व्यवस्था त्या काळी नव्हती. पुढील शतकाचा इतिहास म्हणजे ही व्यवस्था उभी करण्याच्या प्रयत्नांचा इतिहास होय.

तसा पहिला संघटित प्रयत्न बडोदे संस्थानात झाला. महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो सबंध संस्थानाला लागू केला. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९०९ साली, बडोदे शहरात शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी करण्यात आली. भारतातील शालेय आरोग्यसेवेचा आरंभ याच तपासणीपासून मानला जातो. इंग्लंडमध्ये शाळांतील वैद्यकीय तपासणीचा कायदा १९०७ साली झाला होता. म्हणजे बडोद्याने फार काळ मागे राहणे पत्करले नाही. सक्तीचे शिक्षण आणि वैद्यकीय तपासणी या दोन गोष्टी लागोपाठ याव्यात, यात योगायोग नव्हता. शासनाने मुलाला शाळेत येण्यास भाग पाडले की त्याच्या डोळ्यांना फळा दिसतो का, त्याच्या कानांना शिक्षकाचा आवाज ऐकू येतो का, त्याच्या पोटात अन्न आहे का, हे प्रश्न शासनाच्याच दारात येऊन उभे राहतात.

संस्थानात जे घडले ते ब्रिटिश मुलखात मात्र व्यापक प्रमाणावर घडले नाही. सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली १९४३ साली नेमलेल्या समितीने १९४६ मध्ये आपला अहवाल दिला, तेव्हा देशात शालेय आरोग्यसेवा जवळजवळ अस्तित्वातच नाही, असे तिला नमूद करावे लागले. स्वातंत्र्यानंतर १९५२-५३ च्या माध्यमिक शिक्षण आयोगाने वैद्यकीय तपासणी आणि शालेय आहार यांचा आग्रह धरला. १९६० साली श्रीमती रेणुका राय यांच्या अध्यक्षतेखाली खास शालेय आरोग्यासाठी समिती नेमली गेली आणि पुढील वर्षी तिचा अहवाल आला. कागदावर विचार झाला होता. आता त्याला हातपाय हवे होते.

महाराष्ट्रात ते हातपाय काही अंशी १ मे १९६२ रोजी मिळाले. त्या दिवशी राज्यात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि ग्रामीण भागातील प्राथमिक शाळा व प्राथमिक आरोग्य केंद्र या दोन्ही संस्था एकाच छताखाली आल्या. गुरुजी आणि आरोग्यसेविका एकाच संस्थेचे कर्मचारी झाले. शाळेच्या व्हरांड्यात वजनकाटा लागू लागला, रांगेने लसी टोचल्या जाऊ लागल्या, नखे व केस तपासले जाऊ लागले. त्या पिढीतील विद्यार्थ्यांच्या आठवणीत दुधाची भुकटी आणि सुकडी यांची चव आजही आहे. १९७२ च्या दुष्काळात तर सुकडीने राज्यातील असंख्य भुकेल्यांना आधार दिला. शाळेतील आहाराला कायमचे स्वरूप येण्यास मात्र बराच काळ जावा लागला. १५ ऑगस्ट १९९५ रोजी प्राथमिक शाळांसाठी राष्ट्रीय पोषण आहार कार्यक्रम सुरू झाला. त्यात आरंभी बहुतेक ठिकाणी शिधाच दिला जाई. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला आणि त्यानंतर शाळाशाळांतून खिचडीचा वास दरवळू लागला.

याच कालखंडात ठाणे जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, डहाणू तालुक्यात, एक निराळा प्रयोग आकार घेत होता. ताराबाई मोडक आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य सुरू केले आणि १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. आदिवासी पाड्यांवरची मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसताच त्यांनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द आणि ही कल्पना तेथून आली. मुलांची स्वच्छता, त्यांचा खाऊ आणि त्यांचे शिक्षण ही तीन वेगवेगळी कामे नसून एकच काम आहे, हे त्या अंगणात सिद्ध झाले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र शासनाने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली तेव्हा तिच्या केंद्रांना ‘अंगणवाडी’ हेच नाव लाभले. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भसेवा, पूर्वप्राथमिक शिक्षण आणि माता-पालकांचे आरोग्यशिक्षण या सहा सेवा तीत एकत्र गुंफल्या गेल्या. साधारण त्याच सुमारास अहमदनगर जिल्ह्यातील जामखेड येथे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० पासून गावातल्याच, बहुधा अल्पशिक्षित, स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले होते. मुलाचे वजन घटते आहे, जुलाबाने अंगातले पाणी कमी झाले आहे, हे ओळखण्यासाठी पदवी लागत नाही. रोज पाहणारी आणि शिकवून तयार केलेली नजर लागते, हे जामखेडने दाखवून दिले.

याच उत्तर ठाण्याच्या भूमीत, पालघर येथे, ६ फेब्रुवारी २०१३ रोजी ‘राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमा’चा देशव्यापी शुभारंभ झाला. पालघर पुढील वर्षी स्वतंत्र जिल्हा झाला. बोर्डी आणि कोसबाड आज त्याच जिल्ह्यात आहेत. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांमधील जन्मजात व्यंगे, पोषणातील उणिवा, बालपणीचे आजार आणि विकासातील विलंब अशा चार गटांतील तीस स्थितींचा शोध घेणे हे या कार्यक्रमाचे उद्दिष्ट आहे. डॉक्टर, परिचारिका आणि औषधनिर्माता यांचे फिरते पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शासकीय व अनुदानित शाळांत वर्षातून एकदा जाते. ज्या मुलात दोष आढळेल त्याला पुढील उपचारासाठी पाठवावयाचे आणि तो उपचार विनामूल्य व्हावयाचा, अशी ही रचना आहे.

या रचनेतील सर्वांत मोलाचा शब्द ‘तपासणी’ नव्हे, तर ‘पुढे’ हा आहे. हृदयाला छिद्र असलेले मूल शाळेच्या तपासणीत सापडले, पण शस्त्रक्रियेपर्यंत गेलेच नाही, तर त्या तपासणीने आईबापांच्या पदरात केवळ चिंता टाकली असे म्हणावे लागेल. म्हणूनच खर्चाचा भार उचलणाऱ्या योजनांना या इतिहासात महत्त्वाचे स्थान आहे. महाराष्ट्रात २०१२ साली आठ जिल्ह्यांत सुरू झालेली आणि पुढील वर्षी राज्यभर विस्तारलेली जीवनदायी आरोग्य योजना २०१७ पासून महात्मा जोतिबा फुले यांच्या नावाने चालते. पाठीवरून मूल नेणाऱ्या शिक्षिकेच्या पतीचे नाव एकशेवीस वर्षांनी रुग्णालयाच्या खर्चपत्रकावर यावे, यात इतिहासाचे एक वर्तुळ पूर्ण झाले असे क्षणभर वाटते. परंतु वर्तुळ पूर्ण झालेले नाही. आदिवासी आश्रमशाळांतील विद्यार्थ्यांच्या मृत्यूंची कारणे शोधण्यासाठी २०१६ साली शासनाला डॉ. सुभाष साळुंखे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. शाळेची घंटा वाजते त्या जागेपासून डॉक्टर असलेल्या दवाखान्यापर्यंतचे अंतर काही ठिकाणी आजही जिवावर बेतते.

ताप, खरूज, वजनातील घट, दंडावरचा फोड ही दुखणी निदान डोळ्यांना दिसतात. काही अडचणी मात्र डोळ्यांना दिसत नाहीत आणि त्या केवळ वर्गातच प्रकट होतात. वाचन-लेखनाची अक्षमता ही त्यांतील प्रमुख. मूल बुद्धीने चांगले असते, तोंडी उत्तरे अचूक देते, गोष्ट रंगवून सांगते. पण पुस्तक समोर आले की अक्षरे त्याला साथ देत नाहीत. पिढ्यानुपिढ्या अशा मुलांसाठी मराठी शाळांत एकच अक्षर पुरेसे मानले गेले : ‘ढ’. वर्णमालेतील त्या निरपराध अक्षराने किती मुलांचे शिक्षण अर्ध्यावर थांबवले, याची नोंद कोणत्याही हजेरीपटात सापडणार नाही.

या मुलांना न्याय देण्याच्या बाबतीत महाराष्ट्राने पुढाकार घेतला. १९९६ साली राज्य शासनाने अध्ययन-अक्षम विद्यार्थ्यांना शालान्त परीक्षेत जादा वेळ, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष, गणिताऐवजी खालच्या इयत्तेचे अंकगणित अशा सवलती मान्य केल्या. सवलत मिळण्यासाठी रुग्णालयाचे प्रमाणपत्र आवश्यक ठरले. त्यामुळे मुंबईतील शीव येथील लोकमान्य टिळक महापालिका सर्वसाधारण रुग्णालयातील अध्ययन-अक्षमता केंद्रासारख्या ठिकाणी पालकांची ये-जा सुरू झाली. मूल शाळेत अडखळते आणि निदान दवाखान्यात होते. दोघांपैकी एकाने जरी आपले काम केले नाही तरी मूल मध्येच राहते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने विशिष्ट अध्ययन अक्षमतेला देशभर कायदेशीर मान्यता दिली. पालघरला सुरू झालेल्या कार्यक्रमाच्या तीस स्थितींतही तिचा समावेश आहे.

तरीही एक मूलभूत अडचण उरली होती. निदानाच्या कसोट्या प्रामुख्याने इंग्रजीत आणि इंग्रजी वाचणाऱ्या मुलांसाठी तयार झालेल्या होत्या. मराठी माध्यमातील मूल इंग्रजी शब्द वाचताना अडखळले, तर दोष मुलाच्या वाचनक्षमतेत आहे की केवळ परक्या भाषेच्या अपरिचयात, हे अशा कसोटीने कसे ठरवावे? शिवाय देवनागरीचे स्वतःचे कोडे आहे. एकटा ‘र’ घेतला तरी तो ‘कर्म’मध्ये डोक्यावर बसतो, ‘क्रम’मध्ये पायाशी येतो, ‘राष्ट्र’मध्ये पोटाखाली शिरतो आणि ‘दऱ्या’मध्ये आपले रूपच पालटतो. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांतील फरक एका रेघेचा असतो. ही कोडी इंग्रजी कसोटीत येतच नाहीत.

या अडचणीवरचे उत्तर महाराष्ट्राबाहेर, दिल्लीच्या वेशीवर सापडले. हरियाणातील मानेसर हे दिल्ली-जयपूर महामार्गावरील, अरवलीच्या पायथ्याचे गाव. आज त्याची ओळख औद्योगिक नगरी अशी आहे. मोटारींच्या कारखान्यांनी देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसे तेथे ओढून नेली. त्याच मानेसरला १९९९ साली स्थापन झालेले ‘राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र’ आहे. डिसेंबर २००३ मध्ये राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते ते राष्ट्राला अर्पण करण्यात आले. तेथील शास्त्रज्ञ डॉ. नंदिनी चटर्जी सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय भाषा वाचताना मुलाच्या मेंदूत काय घडते याचा अभ्यास केला. त्यातून ‘डाली’ या संक्षिप्त नावाने ओळखला जाणारा वाचन-अक्षमतेच्या कसोट्यांचा संच तयार झाला आणि २०१५ साली तो उपलब्ध झाला. चार हजारांहून अधिक मुलांच्या चाचण्यांवर आधारलेला हा संच हिंदी, कन्नड आणि इंग्रजीबरोबर मराठीतही आहे.

या संचाची रचना शाळा आणि दवाखाना यांच्या जुन्या नात्याला धरूनच आहे. त्याचा पहिला भाग शिक्षकांसाठी आहे. पहिली-दुसरीच्या मुलांसाठी एक आणि तिसरी ते पाचवीच्या मुलांसाठी दुसरी, अशा निरीक्षणाच्या प्रश्नावल्या त्यात आहेत. त्या शिक्षकाने रोजच्या अनुभवातून भरावयाच्या असतात. त्यातून ज्या मुलाबद्दल शंका निर्माण होईल त्याची सखोल तपासणी मानसशास्त्रज्ञाने दुसऱ्या भागातील कसोट्यांनी करावयाची असते. निदान करणे हे शिक्षकाचे काम नव्हे. शंका योग्य वेळी, योग्य शब्दांत आणि योग्य दारी पोहोचवणे हे त्याचे काम. मराठी मुलाची अडचण मराठीतूनच तपासली जावी, हा विचार महाराष्ट्रापासून दूर असलेल्या प्रयोगशाळेत प्रत्यक्षात यावा, ही मराठी शाळांनी अभिमानाने आणि काहीशा अंतर्मुखतेने लक्षात ठेवावी अशी गोष्ट आहे.

मानेसरचे दुसरे रूपही या इतिहासात दुर्लक्षून चालणार नाही. कारखान्यांच्या आसऱ्याने राहणाऱ्या स्थलांतरित कुटुंबांत मुलाच्या उपचाराचा हक्क पुष्कळदा वडिलांच्या नोकरीशी बांधलेला असतो. कामगार राज्य विम्याचे रुग्णालय मानेसरला आहे. परंतु कंत्राट संपले, नोकरी सुटली, की विम्याचे छत्रही डळमळते. वर्षाच्या मध्यावर गाव बदलणारे मूल फिरत्या पथकाच्या तपासणीच्या दिवशी कोणत्याच पटावर नसते. विनाअनुदानित लहानशा खाजगी शाळेत ते असेल, तर त्या शाळेत पथक येईलच असे नाही. ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या रूपाने हाच प्रश्न मराठवाड्याला फार जुना परिचित आहे. ज्ञानाची कसोटी मानेसरला तयार होते आणि तिच्या कुंपणापलीकडच्या वस्तीतील मूल तिच्यापासून वंचित राहू शकते. अंतर केवळ मैलांत मोजता येत नाही, हे येथे प्रकर्षाने जाणवते.

या दोन शतकांच्या वाटचालीत एक सूत्र सातत्याने आढळते. बडोद्याची तपासणी, कोसबाडचे अंगण, जामखेडच्या सेविका, पालघरचे पथक आणि मानेसरची प्रश्नावली या सर्वांत मुलाला प्रथम पाहणारी नजर डॉक्टरची नाही. ती आईची, बाईंची, ताईंची आहे. डॉक्टर मुलाला वर्षातून एकदा काही मिनिटे पाहतो. शिक्षक त्याला दिवसातून पाच-सहा तास पाहतो. फळ्यावरचे उतरवताना डोळे बारीक करणारा, हाक मारल्यावर एकाच बाजूने वळणारा, खेळताना इतरांआधी बसून घेणारा, सोमवारी सकाळी भुकेने मलूल असणारा विद्यार्थी कोण, हे वर्गात कळते. २०२० साली सुरू झालेल्या शालेय आरोग्य कार्यक्रमाने प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांना आरोग्यदूत म्हणून प्रशिक्षित करण्याचे ठरवले, तेव्हा या जुन्याच नजरेला शासनमान्यता मिळाली. त्या नजरेला वेळ मिळावा, तिच्यावर इतर कामांचे ओझे नसावे आणि तिने दिलेल्या चिठ्ठीची दवाखान्यात दखल घेतली जावी, एवढे झाले तरच त्या मान्यतेला अर्थ आहे.

पालकांच्या वाट्याला यात एक लहानसे पण निर्णायक काम येते. तपासणीनंतर शाळेतून घरी येणारी चिठ्ठी ही मुलाविरुद्धची तक्रार नसते. चश्मा लागला म्हणून मुलीचे लग्न अडेल, वाचनाची कसोटी घेतली म्हणून मुलाला ‘वेडा’ म्हणतील, या भीतीपोटी अशा चिठ्ठ्या घरातील देव्हाऱ्याच्या किंवा डब्याच्या मागे पडून राहतात. त्यांतल्या कित्येकांवर उपाय सोपे असतात : एक चश्मा, लोहाच्या गोळ्या, जंताचे औषध, कानातला मळ काढणे. जे उपाय सोपे नसतात, त्यांना तर लवकर आरंभ होणे अधिकच आवश्यक असते. कारण हृदयाची शस्त्रक्रिया असो वा वाचनाचे विशेष प्रशिक्षण, उशीर झाला की त्याची किंमत मूल आयुष्यभर मोजते.

माजी विद्यार्थ्यांपैकी कोणी आज डॉक्टर आहेत, कोणी परिचारिका, कोणी औषधविक्रेते, कोणी शासकीय कार्यालयांत आहेत. कोणी नोकरीनिमित्त मानेसरसारख्या दूरच्या औद्योगिक नगरीत स्थिरावले आहेत. शाळेचा हीरक महोत्सव हा त्यांच्या आठवणींचा सोहळा आहेच. त्या आठवणींत आपल्या वर्गातील शेवटच्या बाकावरचा तो मुलगाही यावा, ज्याला तोंडी सगळे येत होते आणि लिहिता काहीच येत नव्हते. तो पाचवीत किंवा सातवीत शाळा सोडून गेला. त्याला काय झाले होते हे तेव्हा कोणालाच कळले नाही. आज ते मराठीत विचारणारी प्रश्नावली उपलब्ध आहे आणि त्याच्यासारखे मूल याही वर्षी पहिलीच्या वर्गात बसलेले असण्याची शक्यता आहे.